भिमाजीची भुकटी

भिमाजी मोशीच्या खडी क्रशरवरून घरी यायचा, तेव्हा मेकअप उतरवायचा राहिलेल्या नटासारखा दिसायचा. भुवया, पापण्या, मिशा, सगळं दगडाच्या भुकटीनं राखाडी. नाटकात आयुष्य गेलेल्या मला त्याचं हसू यायचं. पण आमचा रंग खोबरेल तेलानं निघून जायचा. त्याचा आत उतरत होता.

त्याची बायको शालनबाई आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी विकते. मागेच त्यांचं चार गुंठे रान आहे. नवऱ्याचे कपडे ती रोज रानाच्या एकाच कोपऱ्यात, तोंड बाजूला वळवून झटकायची. खतं खाऊन खाऊन थकलेल्या त्या रानात तेवढ्याच कोपऱ्यातली मेथी हिरवीकंच यायची.

छातीनं दगा दिला आणि भिमाजी घरी बसला. मी भेटायला गेले, तर नवरा-बायकोची जुंपलेली.

"क्रशरवरनं दोन ट्रॉल्या भुकटी आणू, सगळ्या रानात टाकू," एवढं बोलून तो श्वासासाठी थांबला. "शेतकीवाला बी म्हनला, काळ्या दगडाचं खत व्हतं. पर सावकाश. दोन-तीन वर्सं लागत्यात."

"तुमचं छाताड खाल्लं तिनं. आता रानाला चारू व्हय?"

"मला न्हाई पचली. रानाला पचंल."

शालनबाई माझ्याकडं वळली. "बघा ताई. उंबरा वलांडताना धाप लागती, आन् शेती करायला निघाल्यात."

तो हसला, आणि ते हसू खोकल्यात गेलं. मग म्हणाला, "जलमभर दगूड फोडला. त्यातनं कायतरी हिरवं आलेलं बघायचंय."

भुकटी आली. उडू नये म्हणून शालनबाईनं ढीग पाण्यानं भिजवला, तोंडाला पदर बांधला आणि एकटीनं सगळी पसरली. भिमाजीला तिनं बाहेर येऊ दिलं नाही. तो खिडकीतून बघत राहिला. त्या वर्षी रान होतं तसंच राहिलं. तो विचारायचा, ती म्हणायची, "येतंय, येतंय." दिवाळीनंतर तो गेला.

यंदा सगळं रान त्या कोपऱ्यासारखं झालं आहे. परवा तिनं माझ्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या जास्त घातल्या.

"अगं, घरी ठेव की."

"आमच्यात शिजत न्हाई ती, ताई. एकदा केली व्हती. घास खाली उतरंना."

तिनं पुढची जुडी उचलली आणि मुळांची माती झटकली. सवयीनं, तोंड बाजूला वळवून.