घोडा खाली, दवाखाना माडीवर

वडूजच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथली औषधं आठवड्यात संपायची, किस्से मात्र साठतच गेले. लोक म्हणतात, "सांगा की एखादा, जरा हसू!" हसा बापडे. सांगताना माझी आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

दवाखाना माडीवर. वर जायला दगडी जिना. खालच्या ऐसपैस ओसरीत काय? डॉक्टरसाहेबांचा घोडा! एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, दवाखाना खाली आणला तर?"

"आणि घोडा काय माडीवर बांधू?"

मी परत औषधं घोटायला लागलो.

*

श्रीपती लढाईवरून गुडघा जायबंदी होऊन आला. मिलिटरीच्या डॉक्टरनं बजावलं होतं, रोज दवाखान्यातल्या जाणत्या माणसाकडून गुडघा वाकवून घे, नाहीतर पायाचा सोटा होईल. घरी रान कसायला तो आणि बायको सखू, दोघंच. सखूनं त्याला गाडीत घालून आणला. गडी बसत बसत, घामाघूम होत जिना चढला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "जिना चढून आलास ना? मग पाय बरा आहे. पुढचा!"

*

पुढच्या बाजारी सखूच्या भावानं त्याला पाठीवर घेऊन वर आणला.

"चालता येत नाही? मग ही केस आपली नाही. सातारला न्या."

गुडघ्याला बोटसुद्धा लावलं नाही हो! असला राग आला होता, की हातातली बाटली फुटायची राहिली.

*

सातारच्या मोटारीत ड्रायव्हर खेकसला, "ए, पाय दुमडून बस!"

"दुमडत असता तर सातारला कशाला निघालो असतो रं गड्या?"

सगळी मोटार हसली. सखू हसली नाही.

*

सातारच्या इस्पितळात गुडघा नीट तपासला. "अजून वेळ गेली नाही. सुटेल पाय. गुडघा वाकवून घ्यायला रोज या मात्र."

"रोज? वडूजवरनं?" सखू म्हणाली.

"मग तुमच्या तालुक्याला दवाखाना आहे की! तिथं करून घ्या."

घ्या! आले फिरून तिथंच.

मी साहेबांना म्हटलं, "मी घेतो त्याची कसरत. खाली, ओसरीत."

"घे की. पण दवाखान्यात, वर. घोडा बुजतो."

माणूस लुळा झाला तरी चालेल, घोडा बुजायला नको!

*

बाजारचा दिवस. माडी माणसांनी गच्च. एकाएकी जिन्यावर खाड खाड वाजायला लागलं. बघतो तर सखू! एका हातात लगाम, दुसऱ्या हातात गुळाचा खडा, आणि मागं साहेबांचा घोडा. सरळ आत आली आणि साहेबांच्या टेबलाच्या पायाला लगाम बांधला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली ओसरीत, घोड्याच्या जागी, श्रीपती पाय पसरून बसला होता.

साहेब ओरडले, "हा काय चावटपणा!"

सखूनं पदर खोचला.

"आवं डाक्टर, ह्यो जिना चढून आला. त्येचा पाय बरा हाय. आता खाली चला, पुढचा बगा!"