अडकतंय की बरं आहे

माझ्या भाऊजींनी आयुष्यात एकही वाद हरलेला नाही. समोरचा दमेपर्यंत ते थांबत नाहीत, एवढंच त्यामागचं रहस्य. घराला रंग कुठला द्यायचा इथपासून ताईने शिवणाच्या कारखान्यातली नोकरी ठेवायची की सोडायची इथपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांनी ताईला विचारूनच ठरवली. अगदी रीतसर विचारून. उत्तर पसंत पडलं नाही तर ते पुन्हा विचारायचे, मुद्दे मांडायचे, मग परत विचारायचे. शेवटी ताई "ठीक आहे" म्हणायची, आणि भाऊजी चारचौघांत सांगायचे, आमच्याकडे सगळं दोघांच्या मताने चालतं. मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो आणि जेवायला त्यांच्याकडे असतो, त्यामुळे हे मत तयार होताना मी पुष्कळदा पाहिलंय.

भाऊजी एका गेम पार्लरमध्ये कंत्राटी तंत्रज्ञ होते. मालक महाचिक्कू, म्हणून सगळ्या मशीनवर लिनक्स ही संगणकप्रणाली. ते फुकट मिळतं. भाऊजींनीच ते बसवलं आणि खरं सांगायचं तर झकास बसवलं. दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग एका अपडेटनंतर कार रेसिंगचा गेम अडकायला लागला. गाडी भरधाव वळणावर यायची, पडदा डोळ्याचं पातं लवेपर्यंत थिजायचा, आणि पुढच्या क्षणी गाडी भिंतीत. पोरं शिव्या घालून समोरच्या पार्लरमध्ये जायला लागली. मालक म्हणाला, "दोष शोधून काढलास तर मुख्य तंत्रज्ञ म्हणून कायम करतो. नाहीतर करार संपला की तुझा रस्ता तुला मोकळा." भाऊजींचं वय पंचेचाळिशीच्या पुढे. या वयात नवीन ठिकाणी कुणी दारात उभं करत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि ताईलाही.

संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर होता. गेमला काय दाखवायचंय ते ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगणारा हा मधला दुभाष्या. जुना ड्रायव्हर नीट होता, नवा बिघडलेला, आणि दोघांच्या मध्ये जगभरच्या लोकांनी केलेले शेकडो बारीक बदल. दोषी त्यातला एकच. तो शोधायची रीत सोपी आहे: बरोबर मधला ड्रायव्हर बनवायचा आणि गेम चालवून बघायचा. अडकला तर दोषी आधीच्या अर्ध्यात, नाही अडकला तर नंतरच्या अर्ध्यात. उरलेल्याचे परत दोन भाग. आठ-नऊ फेऱ्यांत चोर सापडतो. फक्त एकही उत्तर चुकता कामा नये, कारण चुकलं की ज्यात चोर आहे तोच अर्धा भाग आपण फेकून देतो.

पडदा किती वेळ थिजतो ते मोजणारं सॉफ्टवेअर चालू केलं की हा झटका नेमका गायब व्हायचा. म्हणजे डोळ्यांनीच बघणं आलं. भाऊजी म्हणाले, "मी बघून उपयोग नाही. मला कुठला ड्रायव्हर आहे ते ठाऊक असतं, मला हवं तेच दिसेल. ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस हवा." आणि त्यांनी ताईला बसवलं. पार्लरचं एक मशीन घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं, आणि ताईला स्टिअरिंग धरायला शिकवलं. ताईने पहिल्याच दिवशी तीन गाड्या ठोकल्या. तिला मजा येत होती, हे मी मुद्दाम सांगतो. तिला मजा येताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. चौथ्या फेरीत ताईने एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अडकतंय."

भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. "नीट बघितलंस का? ब्रेक उशिरा दाबला असशील. परत मार."

ताईने परत चक्कर मारली. "पुलाखाली अडकतंय."

"पुलाखाली अंधार आहे, म्हणून वाटतं तसं. इथे अडकण्यासारखं काही नाहीच आहे. मी बदल वाचलेत. परत."

"अहो, अडकतंय."

मी जेवता जेवता म्हणालो, "भाऊजी, ती सांगतेय ना." तर म्हणाले, "तू भात खा."

चौथ्यांदा ताईने गाडी पुलाखालून नेली, पडद्याकडे बघितलं, मग टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलेल्या माझ्या ताटाकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं आहे."

"मग आधी कशाला घोळ घातलास?" असं म्हणत भाऊजींनी त्याच्या आधीचा अर्धा भाग टाकून दिला.

चोर म्हणून शेवटी जो बदल हाती लागला तो कुठल्या तरी दूरच्या देशातल्या प्रोग्रॅमरचा होता. भाऊजींनी सगळ्या जगाला दिसेल असं त्याला लिहिलं, की तुमच्या हलगर्जीपणामुळे माझ्यासारख्यांच्या पोटावर पाय येतोय. तो बदल काढून ड्रायव्हर बनवला आणि पार्लरच्या सगळ्या मशीनवर चढवला. मालकाला बोलावलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही बोलावलं. पहिल्या मशीनवर मालक स्वतः बसला. पुलाखाली गाडी थिजली आणि भिंतीत गेली. पोरं हसली. मालक हसला नाही. त्या प्रोग्रॅमरचं उत्तर संध्याकाळी आलं, फार सभ्य: माझा बदल वेगळ्याच कंपनीच्या कार्डासाठी आहे, तुमच्या मशीनवर तो चालतच नाही. पुढच्या आठवड्यात भाऊजींचा करार संपला.

मशीन परत नेण्याआधी भाऊजींनी सगळ्या फेऱ्या एकट्याने तपासल्या. चौथी चुकली होती. त्यांनी ताईला हाक मारली.

"इथे अडकतंय. तू बरं आहे म्हणालीस."

"मी तीनदा अडकतंय म्हणाले होते."

"शेवटचं काय म्हणालीस?"

ताईने टेबल पुसायला घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बहिणीच्या संसारात भावाने किती बोलायचं.

भाऊजी दोन दिवस विचार करत होते. मग त्यांना कारण सापडलं: ताईची नजर अधू आहे. ते तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. मीही गेलो. चष्मेवाल्याने तक्ता दाखवला, आणि ताईने अगदी खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली. चष्मेवाला म्हणाला, "बाईंची नजर उत्तम आहे."

"घाईत तपासलंत," भाऊजी म्हणाले. "परत बघा."

त्याने परत तपासलं. ताईने परत वाचलं.

"अंदाजाने वाचतेय ती. तक्ता बदला."

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा तक्ता लावला. ताई मधल्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "इथून पुढचं दिसत नाही."

भाऊजींनी सुस्कारा सोडला. मी एवढं निवांत त्यांना त्या महिनाभरात पाहिलं नव्हतं. चष्मा झाला. आता घरी कुणीही आलं की भाऊजी त्याला सांगतात, नोकरी कशी हातची गेली, आणि ताईच्या चष्म्याकडे बोट दाखवतात. ताई चष्म्याने डोकं दुखतं म्हणून कपाळाला बाम लावते आणि चहा आणून ठेवते.

एकदा ती एकटी असताना मी विचारलं, "तुला ती ओळ खरंच दिसत नव्हती का गं?"

"दिसत होती की," ताई म्हणाली. "मला घरी यायचं होतं."