दाराकडे बघणारी डोकी

हिंगोलीहून गोरेगावची जीप सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कॅलिपरची पेटी होती आणि शेजारच्या आजींच्या मांडीवर कोंबडी. कोंबडी निवांत होती, अवघडले होते ते मीच. हिंगोली नुकताच परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला होता आणि मी पुण्याहून तिथली डोकी मोजायला निघाले होते. होय, डोकीच! मानवशास्त्राच्या प्रबंधासाठी. डोक्याची लांबी-रुंदी, नाक, जबडा मोजायचा आणि माणसं लांबट, मध्यम, गोल अशा खणांत टाकायची. आमच्या सरांचा या खणांवर भारी जीव. माझाही होता, खोटं कशाला बोलू?

"पेटीत काय हाय गं पोरी?" आजींनी विचारलं.

"डोकं मोजायचं यंत्र."

"काहून (का)? हरवलंय व्हय कुणाचं?"

अख्खी जीप हसली. मीही हसले, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची रिकामी रानं, फुटलेला कापूस आणि कमरेएवढ्या तुरी होत्या. तिकडे बघत उरलेला रस्ता काढला.

गोरेगावात वसतिगृहातली माझी मैत्रीण सुजाता न्यायला आली होती. तिचं घर म्हणजे एक लांबट खोली, तिला एकच दार, दारावर रंगवलेला पंचशील ध्वज. माईंनी, म्हणजे तिच्या आईनं, पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच ताटात धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) वाढले. वर सायीचं दही. "आमी काय रोज पाहुणे जेवू घालतो का? खा गुमान!" मी इतके खाल्ले की मोजमाप दुसऱ्या दिवसावर गेलं.

सकाळी सुजातापासून सुरुवात केली. वेणी बाजूला सारून मागून हात फिरवला तर डोकं उजवीकडे चपटं! मग तिच्या भावाचं, मिलिंददादाचं पाहिलं. तेही उजवीकडे चपटं! माईंचं मात्र छान गोल. मला कोण आनंद झाला! घराण्यात उतरणारं लक्षण आयतं पदरात पडलं होतं. आता सुजाताचे वडील, आबा, एवढेच हवे होते.

"टोपी काढायची न्हाई," आबा म्हणाले. "कोण कुठल्या जातीचा, कुणाची सावली कुठवर, लई मोजलंय लोकांनी आमाला. तू लेकीसारखी हायस. जेव, रहा. पण माझं डोकं ऱ्हाऊ दे."

मी घाईघाईनं कॅलिपर पेटीत टाकला. ते मात्र शांतपणे शेतावर निघून गेले.

आणखी एक डोकं माझ्यापासून लपवलं जात होतं. दादाची बायको सुनीता तिच्या चार महिन्यांच्या लेकराला घेऊन मला पाहिलं की चुलीमागं सरकायची. सुजातानं कारण सांगितलं. शेजारच्या शेवंताकाकू रोज येऊन सांगायच्या, लेकराचं डोकं एकीकडं बसलंय, मायनं मालिश नीट केलं नाही, असं पोरगं मंद निघतं. वहिनी झुरत चालली होती. त्यात मी यंत्र घेऊन उगवले. यंत्रानं तेच सांगितलं तर?

मला वाईट वाटलं.

दुपारी माई बाजारात गेल्या होत्या. लेकरू पाळण्यात होतं. लाकडी पाळणा, आबांच्या लहानपणापासूनचा, आढ्याच्या कडीला टांगलेला. कडी भिंतीलगत, त्यामुळे लेकराची उशी कायम भिंतीकडे आणि दार उजव्या हाताला. बाहेर कोंबड्या ओरडल्या आणि लेकरानं मान उजवीकडे, दाराकडे वळवली. उजेड तिथं, माणसं तिथं, कोंबड्या तिथं. ते तसंच बघत राहिलं, बघता बघता तसंच झोपलं.

मी ताडकन उठले. अगं बाई! कसलं घराणं आणि कसलं लक्षण! या पाळण्यातलं प्रत्येक लेकरू उजेडाकडे बघत वाढलं होतं. माई दुसऱ्या घरातून आलेल्या, म्हणून त्यांचं डोकं गोल. माझा खण गेला, पण त्याचं काही वाटलं नाही. मी सुनीताला सगळं सांगितलं.

"खरं सांगता का ताई? माझी चुकी न्हाई?"

"मुळीच नाही!"

तेवढ्यात आबा शेतावरून आले आणि पाठोपाठ शेवंताकाकूही. आल्या आल्या त्यांचं सुरू झालं, "अजून डोकं तसंच हाय की गं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच आबांनी टोपी काढली. सगळ्यांसमोर. काकूंपुढे ते वाकले.

"हात लावून बघ. उजवीकडं."

काकूंनी बिचकत हात लावला.

"चपटं हाय ना? मग मी मंद हाय का? माझी सुजाता एम.ए. करून राहिली, ती मंद हाय का? माझ्या सुनंला पुन्हा असं बोलायचं न्हाई."

काकू पदर सावरत निघून गेल्या. सुनीता रडता रडता हसत होती. आबा माझ्याकडे वळले. "मोज आता. आता माझ्या मनानं देतोय." मी मोजलं.

निघायच्या दिवशी सगळे जीपपर्यंत पोचवायला आले. डोकी खणांत टाकायला आले होते मी, पण पुण्याला सरांना काय सांगायचं याची आता मला धास्ती नव्हती. माणूस कुठल्या दारातल्या उजेडात वाढला, ते विचारल्याशिवाय यापुढे कॅलिपर उघडायचा नाही, एवढं ठरलं होतं.

जीपमधली एक अनोळखी बाई बाहेर वाकून म्हणाली, "लेकराचं डोकं एकीकडं हाय वाटतं?"

सुनीतानं लेकरू खांद्यावर उंच घेतलं.

"व्हय," ती ठणकावून म्हणाली. "आजावर गेलंय."