झुंबरच्या नावाने दामोदरची जाहिरात

आमच्या चिक्कीच्या दुकानाची जाहिरात मी दिली आणि गर्दी समोरच्या दुकानात झाली.

दुकान वडिलांचं. अण्णा श्रावणात गेले आणि लोणावळ्याच्या बाजारातली 'दामोदर चिक्की' माझ्यासारख्या ग्रंथपालाच्या गळ्यात पडली. (चिक्कीबद्दल मला एवढंच ठाऊक, की ती पुस्तकांजवळ खाऊ नये.) "दिवाळीची सुट्टी रिकामी गेली, तर दुकान भाड्याने देऊन टाकू," असं आईने जाहीर केलं. म्हणजे अण्णांच्या नावाची पाटी उतरणार!

पर्यटक हल्ली फोनवर शोधून येतात, आणि शोधतात समोरच्या बापूशेठांची 'झुंबर चिक्की'. ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं. पण पैसे भरले, तर कोणी 'झुंबर' शोधलं की वर आपली जाहिरात दिसते, असं मला कळलं. हे कायद्यात बसतं का? मी न्यायालयांचे निकाल वाचत बसलो. सार असं निघालं: दुसऱ्याचं नाव नुसतं पडद्यामागे वापरलं, जाहिरातीत छापलं नाही आणि गिऱ्हाइकाची फसगत झाली नाही, तर सहसा चालतं.

"म्हणजे बापूंच्या दारात उभं राहून आपल्या दुकानाच्या हाका मारायच्या?" आई म्हणाली.

"दारात नाही गं, रस्त्यावर. रस्ता सरकारी आहे."

जाहिरात सुरू झाली. रोज सकाळी चहा होईपर्यंत दिवसाचे पैसे संपत आणि दुकानात एक माणूस फिरकत नसे! शेवटी औंढे गावाहून आत्याचा फोन आला.

"लय भारी काम केलंस बाबा! आंगुळ झाली की मी 'झुंबर' लिवती. दादाचं नाव वर येतंय. मग त्याच्यावर बोट ठिवती, पाया पडल्यावानी. आळीतल्या समद्यांना बी शिकवलंय!"

"आत्या, दर बोटाला आपले पैसे जातात!"

"आगं बया! मग आता नुसतं बघीन."

औंढे थांबलं, तरी गिऱ्हाईक येईना. म्हणून 'शोधलेला शब्द शीर्षकात आपोआप घाला' या चौकोनात मी टिचकी मारली. (इतके निकाल वाचणाऱ्याने ते एक वाक्य नीट वाचलं नाही!) दुसऱ्या दिवशी दारात अख्खी बस उभी राहिली.

"झुंबर चिक्की हीच ना?" एका बाईंनी फोन दाखवला. वर ठळक 'झुंबर चिक्की', खाली पत्ता आमचा!

फसगत! मला सगळे निकाल एकदम आठवले. "नाही हो! झुंबर ते, समोर!" मी हात जोडून अख्खी बस रस्त्यापलीकडे पोचवली. मग दुसरी आली. तीही पोचवली. आई गल्ल्यावर कपाळाला हात लावून बसली होती.

संध्याकाळी बापूशेठ आले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात डबा.

"आधी फराळ घे, मग भांडू," ते म्हणाले. "दामू गेल्याचं पहिलं वर्ष. तुमच्याकडे कढई चढायची नाही." डबा ठेवून त्यांनी आवाज चढवला. "माझ्या नावाने जाहिरात? वकील म्हणतो, नोटीस धाड!"

"बापूकाका, कायद्याच्या दृष्टीने पडद्यामागे..."

"पडद्यामागे? इथे माझं नाव घराच्या पाटीएवढं दिसतंय! आणि मला सांग, पैसे भरून बोलावलेली गिऱ्हाइकं तू माझ्याकडे का धाडलीस?"

"फसगत होऊ नये म्हणून."

बापूशेठांनी फोन खिशात टाकला. मग आईला म्हणाले, "वहिनी, याला नोटीस देणं म्हणजे पाप आहे."

"माल राहिलाय का तुमच्याकडे?" आईने विचारलं.

"कसला राहतोय? याने ठेवलाय कुठे?" ते तडक रस्ता ओलांडून आपल्या पायरीवर उभे राहिले आणि ओरडले, "झुंबर संपली! दामोदरची घ्या, माझ्याएवढीच जुनी आहे!" सुट्टीभर ते रोज असेच ओरडले. आमचं दुकान तरलं. पाटी राहिली.

जाहिरात मी बापूशेठ आले त्याच रात्री बंद केली होती. सकाळी आत्याचा फोन आला. "आरं, दादा दिसंना!"

आता मी आमच्याच नावावर जाहिरात चालवतो. कायद्याच्या दृष्टीने ती अगदी निर्दोष आहे. तिच्यामुळे आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. आत्या शब्दाला जागते, नुसतंच बघते. तरी रोज सकाळी जाहिरातीवर एक बोट पडतं आणि आमचे पैसे जातात. ते बोट माझं.