बिस्त्राचं ‘त्स’

आमच्या तुत्राकानात, डॅन्यूबकाठच्या या बल्गेरियन गावात, ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. हनुवटी जराशी वर उचलायची, जीभ दातांमागे टेकवून सोडायची, ‘त्स’, की झालं. एवढ्याशा आवाजाने इथे ठरलेली लग्नं मोडली आहेत आणि एका महापौराला निवडणुकीआधीच घरी बसवलं आहे. पण बिस्त्रासारखं ‘त्स’ अख्ख्या गावात कुणाचं नव्हतं. कोरडं, बारीक, वाळक्या अक्रोडाला चीर जावी तसं. राइचोने मागणी घातली तेव्हा तिने त्याला तीनदा ते ऐकवलं आणि चौथ्यांदा मान आडवी हलवून होकार दिला; आमच्याकडे ‘हो’ला मान आडवीच हलते. पुढे संसारातही प्रमाण साधारण तेच राहिलं, असं राइचो स्वतःच सांगायचा आणि वर हसायचाही.

तो नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे सनईच्याच गोतातला, फक्त जरा जास्त रडका. बिस्त्रा चेलोवर. आधी वाद्यवृंद बंद पडला, मग राइचोचे पुढचे दात पडले आणि मग बिस्त्रा गेली. कवळी लावून ओबो वाजत नाही. पत्ती ओठांत धरली की कवळीच आपला सूर लावते.

व्हिएन्नातल्या मुलीला बापाची दया आली. तिने एक कीबोर्ड पाठवला, संगणक, दोन स्पीकर आणि त्यांना जोडायची एक फुंकनळी. या यंत्राचा पहिला नियम असा की नुसती पट्टी दाबून काहीच होत नाही. नळीत श्वास सोडला की सूर जागा होतो, फुंकर वाढवली की फुगतो, आवरली की विझतो. डाव्या हाताखालचं चाक फिरवलं की सुराला कंप सुटतो. आयुष्यभर श्वास मोजून वापरलेल्या माणसाला आणखी काय हवं? महिन्याभरात राइचो सपाता घालून, खिडकीपाशी बसून, अख्खा वाद्यवृंद एकटा वाजवू लागला. बाहुल्यांच्या खेळांना संगीत त्याचंच, अंत्ययात्रांनाही त्याचंच.

“आज किती जणांना फुंकलंस?” असं खानावळीतला गंचो त्याला रोज विचारायचा.

“बत्तीस.”

“आणि जेवायला?”

“मी एकटाच.”

“मग बरं आहे. नाहीतर तुझे ते ट्रॉम्बोनवाले फार खातात.”

या बत्तीस जणांत चेलोवर होती बिस्त्रा. खरोखरची. ती गेली त्याच्या बरीच वर्षं आधी काही परदेशी मंडळींनी रूसे शहरातला मोठा हॉल भाड्याने घेऊन, असल्या यंत्रांसाठी, तिच्याकडून चेलोचा एकूण एक सूर वाजवून रेकॉर्ड केला होता. हळू, मध्यम, जोरात. कंप देऊन, न देता. आणि प्रत्येक प्रकार चारदा. माणसाचा हात तोच सूर दोनदा सारखा काढत नाही, म्हणून यंत्रानेही ते चार आलटून पालटून वाजवावेत, अशी योजना. बिस्त्रा घरी आली ती करवादतच. “एकच सूर चारचारदा. बहिऱ्यांच्या गावात मैफल केल्यासारखं वाटलं मला.” शेवटी उरला होता सगळ्यांत खालच्या तारेचा, सगळ्यांत हळू सूर. तो चौथ्यांदा वाजवून तिने गज उचलला, तेवढ्यात काचेमागच्या माणसाने विचारलं, आणखी एकदा घ्यायचा का? बिस्त्राने हनुवटी वर केली.

सूर कापून जोडणाऱ्या त्या परक्या माणसाला वाटलं, लाकडाचा आवाज असेल, राहू दे, खरं वाटेल. तो शब्द आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? तेव्हापासून जगात ज्याच्याकडे म्हणून तो चेलो आहे, त्याला त्या सुराच्या चौथ्या फेरीला आमची बिस्त्रा नकार देते.

राइचोला तो आवाज पहिल्याच हिवाळ्यात सापडला. आधी तो हसला. मग हसायचा थांबला. कुणाला काही बोलला नाही. अधूनमधून मात्र उगाच त्या सुरावर रेंगाळायचा.

आणि मग मध्ये आली दोच्का.

दोच्का औषधांच्या दुकानात होती, विधवा होती, आणि बिस्त्राची जिवाभावाची मैत्रीण होती. दोघांचं काहीतरी चाललंय हे त्या दोघांच्या आधी गावाला कळलं होतं. ती त्याच्यासाठी चीज भरून भाजलेली बानित्सा घेऊन यायची आणि फाटकाशी क्षणभर थबकायची. फाटकावर बिस्त्राच्या मृत्यूचा कागद चिकटवलेला, फोटोसकट. आमच्याकडे तो दर वर्षी नवा लावतात. दोच्का त्या फोटोला मान लववायची आणि मगच आत यायची.

त्या सप्टेंबरात ती राइचोच्या अंगणात मिरच्या भाजत होती. सगळी गल्ली धुराने खमंग झालेली. राइचो खिडकीत नळी तोंडात धरून बसला होता. सूर संपत आला तशी, पट्टी न सोडता, त्याने नळी ओठांच्या कोपऱ्यात सरकवली आणि मनात कधीचं घोळत होतं ते विचारून टाकलं.

“दोच्का, संत दिमितरच्या सणानंतर उरकून टाकू या का? लग्न म्हणतोय मी.”

दोच्काने लाजून मान आडवी हलवायला सुरुवातच केली होती. तेवढ्यात खिडकीतून, अगदी स्पष्ट, आलं: ‘त्स’.

मिरची विस्तवात पडली. दोच्का कुठेही तो आवाज ओळखणारी. शाळेत एका बाकावर बसून ऐकलेला.

“बिस्त्रा आहे ती,” दोच्का म्हणाली.

“अगं, यंत्र आहे. चौथा सूर आहे तो, रेकॉर्ड केलेला...”

“मला नको शिकवूस. तिला विचारल्याशिवाय मी या घरात चमचासुद्धा ठेवायची नाही.”

“पाद्रीबाबांना विचार हवं तर.”

“पाद्रीबाबांना बिस्त्रा काय ठाऊक?”

ती मिरच्या तशाच टाकून गेली. मग दोन आठवडे फाटक वाजलं नाही. गंचो म्हणाला, “दोन बायकांच्या भांडणात पडू नकोस, त्यातली एक मेलेली असली तरी.” पण राइचोची झोप उडाली होती. हिवाळा तोंडावर आलेला. बत्तीस जणांच्या सोबतीने आणखी एक हिवाळा काढायचा म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच माहीत.

शेवटी त्याला वाट सुचली. लबाडीची होती, पण माझ्या मते क्षम्य. यंत्राला ‘हो’ येतच नाही, येतं ते फक्त ‘नाही’. मग प्रश्नच उलटा विचारायचा. तो औषधांच्या दुकानात गेला. “ये शनिवारी दुपारी,” तो म्हणाला. “तूच विचार तिला. फक्त नीट विचार. राग येईल का, असं विचार. तिला आडवळण आवडायचं नाही.”

शनिवारी दोच्का आली ती काळा कोट घालून, मेलेल्यांसाठी करतात तसे साखर घातलेले उकडलेले गहू वाडग्यात घेऊन. ती यायच्या जरा आधी राइचोने तो खालचा सूर तीनदा वाजवून ठेवला होता. आता येणार तो चौथाच.

तिने वाडगा स्पीकरपुढे ठेवला, हात पुसले आणि फाटकाशी बोलायची तशीच बोलली.

“बिस्त्रा, आम्ही लग्न केलं तर तुला राग येईल का गं?”

राइचोने पट्टी दाबली आणि नळीत श्वास सोडला. सूर जमिनीतून उगवल्यासारखा आला, खोलीभर पसरला, हळूहळू बसत गेला. आणि त्याच्या टोकाला: ‘त्स’.

दोच्काचा चेहरा सैल पडला. ती खुर्चीत बसली, डोळे पुसले. राइचोने नळी मांडीवर ठेवली. मनातल्या मनात तो गंचोकडे जाऊन राकियाचा एक पेला मारूनही आला होता.

“आणखी एक विचारू?” दोच्का म्हणाली.

“विचार की.” त्याचं काय जात होतं? पुढचे तीन सूर कोरे होते.

दोच्का स्पीकरकडे वाकली, अगदी कानात बोलावं तशी. “बिस्त्रा, तू इथून गेलीस ना गं?”

राइचोचा हात पट्टीवर नव्हता. नळी मांडीवर होती. सूर आला नाही, गजाची खरखर नाही, काहीच नाही. नुसतं, एकटं, कोरडं: ‘त्स’.

बाहेर नदीवर एक बजरा भोंगा वाजवत गेला. राइचोने मांडीवरची नळी उलटीपालटी करून पाहिली. दोच्का मात्र शांत होती. वाडग्यातून चमचाभर गहू घेऊन तिने तोंडात टाकले.

“वाटलंच मला. कुठे जाणार ती?” दोच्का म्हणाली. “पण खरं बोलते, बघ. म्हणजे आधी बोलली तेही खरंच.”

आता हिला काय सांगणार? पहिलं उत्तर आपण लावून ठेवलेलं, खोटं. खरं आहे ते दुसरंच. बिस्त्रा इथेच आहे, या खोलीत, आणि तिला राग आलाय की नाही हे तिला अजून कुणी विचारलेलंच नाही. राइचोने कवळी घट्ट मिटली.

लग्न सणानंतर झालं. गंचोने ‘बत्तीस करवल्या आणि एक सवत’ असा विनोद केला. सगळे हसले, नवरदेव सोडून. दोच्का सुखाने नांदू लागली. फाटकावरचा कागद तिने स्वतः बदलला, चांगला फोटो निवडून. स्वयंपाकघरात एकटी असली की मोठ्याने बोलायची आणि उत्तराची वाट बघत बसायची नाही. राइचो वाळत चालला. बाहुल्यांचं काम त्याने सोडलं, यंत्रावर भरतकामाचा रुमाल टाकला, वायर भिंतीतून काढून ठेवली. विचारायचं तर होतं, पण उत्तर लावून न ठेवता विचारायचा धीर होत नव्हता. चौथी फेरी नसताना विचारलं आणि ‘त्स’ आलंच नाही तर? मग त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा?

मार्चमधली दुपार. राइचो खिडकीपाशी बसून होता, रुमालाकडे पाठ करून. आत दोच्का कणीक लाटत होती.

“राइचो,” तिने आतूनच विचारलं, “बिस्त्राला अजून राग असेल का रे?”

 राइचोने हनुवटी वर केली आणि जिभेने, एकदाच, ‘त्स’ केलं.

“ऐकलं रे,” दोच्का म्हणाली. “दोनदा कशाला?”