हवा भरेपर्यंत

शलोमी इंगोले कंडक्टर आहे, हे तिच्या घरात पाहुण्याला वेगळं सांगावं लागत नाही. बोरगाव मेघेच्या त्या दोन खोल्यांत पहाटे 'चला, पुढे सरका, दारात थांबू नका' असा जो आवाज चालतो तो ऐकला की माणूस आपोआप खिशात सुट्टे पैसे चाचपतो. नवरा प्रेमदास सावंगीला एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. भाजी त्याची, पोळ्या तिच्या, अशी वाटणी लग्नापासून ठरलेली. मुलगी प्रेरणा सातवीत, योहान दुसरीत. वर्ध्याहून समुद्रपूरला जाणारी पहिली गाडी शलोमीकडे, म्हणून उजाडायच्या आत पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, सगळ्यांना हलवून उठवायचं आणि खाकी चढवून डेपो गाठायचा. या सगळ्यात देवासाठी सीट रिकामी ठेवायची म्हणजे गंमत नव्हती.

आणि ती ठेवावी, हे तर तिच्या मनाला सारखं टोचत होतं. तिचं माहेर समुद्रपूरचं. तिथे सकाळी सतरंजी अंथरली जायची, वडील शास्त्र म्हणजे बायबल उघडायचे, आई गाणं सुरू करायची, आणि प्रार्थना झाल्याशिवाय चहाचा कप कुणाच्या हाती पडायचा नाही. लहानपणी शलोमीला त्याचा फार राग यायचा. डोळे मिटायचे ते अर्धेच, उरलेली अर्धी नजर चहाच्या पातेल्यावर. पण लग्न होऊन, पोरं होऊन, नोकरीच्या धबडग्यात सापडल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आयुष्यात जे काही पेललं ते त्या सतरंजीच्या जोरावर. मुलांना आपण डबा देतो, फी देतो, स्वेटर देतो, आणि ती सतरंजी तेवढी द्यायची राहून जाते, याची तिला खरीखुरी भीती वाटायची.

प्रयत्न काय कमी केले? आधी तिने अलार्म आणखी लवकरचा लावला. गुडघे टेकले, डोकं टेकलं आणि त्याच अवस्थेत घोरायला लागली. प्रेमदासने तिच्या अंगावर चादर घातली, बिचाऱ्याला वाटलं बायको फारच भक्तीत आहे. मग चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीला वर्षभराच्या वाचनाचा तक्ता दिला. शलोमी दर जानेवारीत सृष्टीच्या आरंभापासून मोठ्या जोमात निघायची, आणि बोकड कसा अर्पावा याचे नियम आले की तिची गाडी रस्त्यातच बंद पडायची. मोबाइलवर रोज एक वचन यायचं, तेही तिकिटं फाडता फाडता बोटाने बाजूला सरकवलं जायचं.

अशात एका रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर संडे स्कूलच्या बाईंनी मुलांना विचारलं, "सकाळी उठल्यावर तुमच्या घरी सगळ्यात आधी काय होतं?" बाईंना कोणतं उत्तर हवं होतं ते उघडच होतं. चारदोन पोरांनी शहाण्यासारखं 'प्रार्थना' म्हटलंही. योहान मात्र खरं बोलणारा मुलगा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घरी मोजे हरवतात."

सगळी मंडळी हसली. शलोमीही हसली, पण घरी येईपर्यंत तिचं तोंड कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती डेपोत आली तेव्हा अंधारच होता. तिकिटाचं मशीन घेतलं, गाडीत चढली, आपल्या जागेवर बसली आणि काही कारण नसताना डोळे भरून आले. ड्रायव्हर रूपराव स्टार्टर मारून बसले होते. रूपराव म्हणजे डेपोतलं जुनं खोड, निवृत्तीला टेकलेले. मानेला मफलर, स्टिअरिंगसमोर देवाचा फोटो, त्याला रोज एक अगरबत्ती. बोलणं असं, की शब्दागणिक डिझेल जळतं जणू. त्यांनी आरशातून पाहिलं.

"काऊन रडून राह्यली व बाई?"

"काही नाई काका. पोरायसाठी प्रार्थनेले वेळच भेटत नाई. सकाळ सारी धावण्यापयण्यातच जाते."

रूपरावांनी समोरच्या हवेच्या दाबाच्या काट्याकडे बोट केलं. जुन्या गाडीच्या ब्रेकच्या टाकीतली हवा रात्रीतून उतरते, त्यात कुणाचा दोष नाही. ती पुरती भरल्याशिवाय ब्रेक धरत नाही, आणि ब्रेक धरल्याशिवाय शहाणा ड्रायव्हर गाडी हलवत नाही. तोवर इंजिन चालू ठेवून बसून राहायचं.

"हवा भरेपर्यंत गाडी जागची हालत नाई," रूपराव म्हणाले. "तुले वाचाचं असन तं वाच. म्या कोठं नाई म्हणून राह्यलो?"

इतकी वर्षं ती त्या वेळात जांभया देत होती, नाहीतर डब्यात भाजी सांडली का ते पाहत होती. त्या दिवशी तिने घरी फोन लावला. प्रेमदासला म्हणाली, आवाज मोठा करा आणि पोरांना ओट्याजवळ बसवा. पिशवीतून छोटं शास्त्र काढलं आणि एक लहानसं स्तोत्र वाचलं. मग प्रार्थना केली. इंजिनाच्या खडखडाटात पलीकडे ऐकू जावं म्हणून चांगली ओरडून केली. 'आमेन' म्हणून तिने डोळे उघडले, तोच रूपरावांनी गिअर टाकला.

मग रोजचंच झालं. रूपरावांची अगरबत्ती, तिचं वाचन, गाडीची हवा. पहिल्या आठवड्यात प्रेरणाने तोंड वाकडं केलं, योहान ओट्याखाली झोपला. पुढे पुढे पोरं फोनची वाट पाहायला लागली. परीक्षा, पप्पांची कंबर, शेजारच्या मांजरीचा पाय, सगळं प्रार्थनेत येऊ लागलं. एकदा संडे स्कूलमध्ये योहानला प्रार्थना करायला सांगितली तर त्याने असा काही आवाज लावला की बाई दचकल्या. पोराचा समज झाला होता, प्रार्थना म्हणजे इंजिनावरून ओरडायची गोष्ट. त्या रविवारी मात्र शलोमी हसली ती मनापासून.

तिला फार कृतज्ञ वाटायचं. इतकी वर्षं देवाकडे वेळ मागितला, आणि त्याने तो द्यावा तर कुठून, रात्रीतून हवा सोडणाऱ्या टाकीतून! असा देव आपला आहे याचा तिला भारीच आनंद व्हायचा.

दिवाळीनंतर या फेरीला नवी गाडी लागली. गुळगुळीत सीट, आवाज निम्म्याहून कमी. शलोमीला ओरडायची गरज उरली नाही एवढाच काय तो फरक. रूपराव तसेच मफलर गुंडाळून बसलेले असायचे. "हवा भरून राह्यली, बाई," म्हणायचे. ती फोन लावायची, वाचायची, आणि 'आमेन' झालं की गिअर पडायचा.

जानेवारीच्या थंडीत रूपरावांना ताप आला. रात्री त्यांचा निरोप मिळाला तेव्हा शलोमीने घरात सांगितलं, आणि सकाळी गाडीवर धीरज आला. नवा भरती झालेला, उत्साही पोरगा. तो चढला, किल्ली फिरवली आणि गाडी निघालीसुद्धा. शलोमीच्या हातात फोन तसाच.

"अरे थांब, थांब! हवा तं भरू दे!"

धीरज हसला. "कायची हवा व ताई? नवी गाडी हाय. रातभर हवा जशीच्या तशी राह्यते. काटा पाहा ना."

शलोमीने पुढे होऊन पाहिलं. काटा पुरता वर होता.

"पण रूपरावकाका तं रोज..."

"काकाची सवय असन. ते तं साऱ्याच्या आधी येऊन बसते म्हणते डेपोत. वॉचमन म्हणे, म्हाताऱ्याले घरी झोपच येत नाई."

गाडी फलाटाला लागली, माणसं चढली, डबल बेल द्यायची वेळ झाली. शलोमीने ती दिली, तिकिटंही दिली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हणजे दिवाळीपासून हवा भरायची नव्हतीच. म्हातारा माणूस थंडीत आधी येऊन, गाडीची सगळी तपासणी उरकून बसत होता. गाडीला उशीर होऊ नये आणि हिचं वाचनही चुकू नये, म्हणून आपली झोप मोडत होता. आणि वर तोंडाने 'हवा भरून राह्यली' म्हणत होता! एका आजीबाईने दोनदा 'वायगाव, वायगाव' म्हटलं तेव्हा कुठे तिचा हात मशीनकडे गेला.

पण त्याहून मोठी धाकधूक घरची होती. आज फोन गेला नाही. पोरांना काय, बरंच झालं, ती मोज्यांच्या मागे लागली असतील. इतक्या महिन्यांत जे उभं राहिलं ते आपल्या फोनवरच उभं होतं की काय? एका सकाळीत सगळं आडवं झालं असेल तर? वायगावला गाडी थांबली तशी तिने घाईघाईने नंबर लावला.

फोन प्रेरणाने उचलला. "मम्मी, आमचं झालं."

"काय झालं?"

"वाचन. तुह्या फोनची वाट पाह्यली. मंग मीच वाचलं. आपण जिथं थांबलतो तिथूनच. पप्पानं गाणं म्हटलं, बेसूर. अन योहाननं प्रार्थना केली."

"काय मागितलं त्यानं?"

"रूपरावआजोबाचा ताप उतरू दे म्हणे. अन मम्मीच्या गाडीत हवा भर म्हणे, लवकर. इतक्या जोरानं, का बाजूच्या काकू पाहाले आल्या."

शलोमी भर वायगावच्या थांब्यावर, खाकी कपड्यात, गळ्यात मशीन अडकवून रडली. धीरजने विचारलं, "काय झालं व ताई?" ती म्हणाली, "काई नाई रे, लय चांगलं झालं." तो बिचारा गोंधळून हॉर्न वाजवत बसला.

थोड्या दिवसांनी रूपराव कामावर आले. चेहरा उतरलेला, मफलर दुहेरी गुंडाळलेला. अगरबत्ती लावून झाली होती, इंजिन सुरू होतं. शलोमी गाडीत चढली आणि चढता चढताच तिची नजर काट्याकडे गेली. तो पुरता वर होता. ती तिकडे पाहत होती हे रूपरावांनीही पाहिलं.

"हवा भरून राह्यली, बाई," ते काचेबाहेर बघत म्हणाले. "बस तू."

बोलायचं तिने पुष्कळ ठरवून आणलं होतं. आभार कसे मानायचे, काय म्हणायचं, रात्री पोळ्या लाटता लाटता सगळी जुळवाजुळव केली होती. ते सगळं तिने तसंच ठेवून दिलं.

"भरू द्या काका," ती म्हणाली, आणि घरी फोन लावला.

"मम्मी, आज बी मीच वाचू?" पलीकडून प्रेरणाने विचारलं.

"वाच."

शलोमीने फोनचा आवाज वाढवला आणि तो पुढे, इंजिनाच्या झाकणावर ठेवला. प्रेरणाचा आवाज बारीक, त्यात सकाळची झोप. त्या घरघरीत शब्द नीट लागेनात.

रूपरावांनी एकदा फोनकडे पाहिलं. मग हात पुढे करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.