नर्सबाईंचा तिसरा अ‍ॅक्सल

नर्सबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या आवाजामुळे. आमच्या चढावरून त्या सायकल ढकलत येत होत्या. एका हाताने सीट धरून मागचं चाक जमिनीवरून उचललेलं आणि तोंडाने धाकट्या भावाचा उद्धार चाललेला. भाऊ तिथे नव्हता. मी कठड्याशी उभा होतो, म्हणून मला ऐकावं लागलं.

"मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल तुटला. तिसरा," त्या म्हणाल्या, जणू मीच तोडला होता.

घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. सायकल वडिलांची, जुनी, पोलादी, शर्यतीची. वडिलांच्या हाती तिचा अ‍ॅक्सल कधी वाकलासुद्धा नव्हता. आता मात्र ती सारखी दगा देत होती. पुन्हा उशीर झाला तर चढावरची घरं दुसऱ्या बाईंना देऊ, अशी तंबी दवाखान्याने दिली होती. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांवर त्यांचा फार जीव. आणि आज पुन्हा उशीर झाला होता.

संध्याकाळी भावाच्या सायकल दुकानात, चाक उचलून धरायला म्हणून, मीही त्यांच्यासोबत गेलो.

"ताई, हल्ली लोखंडच पाणचट येतं," भाऊ म्हणाला. "आणि खरं सांगू? तूही जरा जेवण आवर."

"माझं जेवण काढू नकोस. सुतळी दे."

ज्या दोन खाचांत मागचं चाक बसतं, त्यांतल्या एकीला त्यांनी सुतळी बांधली, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घातला आणि दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणली. सायकल पडली की सांगाडा सरळ आहे का, हे वडील असंच तपासायचे. सीटखालच्या नळीपासून सुतळी दोन्हीकडे सारख्याच अंतरावर हवी. एकीकडे माझं बोट जेमतेम शिरलं, दुसरीकडे दोन आरामात.

"हे कुणी केलं?"

भाऊ पान्याशी खेळत राहिला. "तुला चढ सोपा जावा म्हणून मागे दोन दातेरी चकत्या जास्त बसवल्या. मग चाक आत जाईना. फळी घालून खाचा थोड्या फाकवल्या."

फाकली होती एकच बाजू. खाचा एकमेकींसमोर राहिल्या नव्हत्या. नट आवळला की अ‍ॅक्सल वाकायचा, आणि वाकलेल्या अ‍ॅक्सलला प्रत्येक खड्डा थोडा थोडा चिरत न्यायचा.

"वाकडं हाड तसंच ठेवून मी प्लॅस्टर घालते का रे? आणि पुन्हा दुखलं की पेशंटला सांगते, तू जाड आहेस?"

"तुझ्यासाठीच केलं ना, ताई."

"मला विचारलंस?"

त्यांचा आवाज चढला नाही, पण सुतळी त्यांनी बोटांभोवती करकचून गुंडाळली. "बाबांची सायकल होती. निदान सांगायचंस. दोन्ही वेळा माझ्या तोंडाकडे बघत नवा अ‍ॅक्सल घातलास."

सायकलीचा सांगाडा त्यांनी दुसऱ्या कारागिराकडून सरळ करून घेतला आणि जुन्या पाच चकत्या परत बसवल्या. दवाखान्याने मात्र चढावरची निम्मी घरं काढून घेतलीच. त्या भावाशी कित्येक महिने बोलल्या नाहीत.

उरलेल्या घरांना त्या अजून त्याच सायकलीवरून जातात. चढ संपत आला की उतरून चालतात. भाऊ आता रविवारी त्यांच्याकडे जेवायला असतो. तेव्हा सायकल आतल्या खोलीत असते, कुलूप लावून.